फोटोतली रमाई

आपल्या घराघरांत बाबासाहेबांच्या फोटोशेजारी माता रमाईचा फोटो असतो. 7 फेब्रुवारीला आपण त्याला हार घालतो, मेणबत्ती लावतो, लेकरांना हात जोडायला सांगतो. पण त्या फोटोतली बाई कशी जगली, हे आम्ही लेकरांना कितीदा सांगतो?

फेब्रुवारी 1934 मध्ये राजगृहात काढलेला एक फोटो बऱ्याच जणांनी पाहिला असेल. त्यात बाबासाहेब आहेत, यशवंत आहे, रमाई आहे, थोरली जाऊ लक्ष्मीबाई आणि पुतण्या मुकुंद आहे. बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबीसुद्धा आहे. कुणाच्याही घरातला वाटावा असा हा फोटो. रमाई तेव्हा छत्तीस वर्षांची होती आणि तिच्या हातात जेमतेम सव्वा वर्ष उरलं होतं.

दापोलीजवळच्या वणंद गावची ही लेक. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहायचे. आईबाप लहानपणीच गेले, म्हणून नातेवाइकांनी या भावंडांना मुंबईला आणलं. नऊ-दहा वर्षांची असताना तिचं लग्न झालं, तेही भायखळ्याच्या बाजारात, रात्री दुकानं उठल्यावर. मांडव नाही, वाजंत्री नाही. त्या बाजारातच रामजी सुभेदारांची सून घरात आली.

1913 साली सुभेदार वारले. त्याच वर्षी बाबासाहेब अमेरिकेला गेले. 1917 ला आले, 1920 ला पुन्हा लंडनला गेले ते 1923 लाच परतले. या सगळ्या वर्षांत परळच्या चाळीतला संसार रमाईने ओढला. तो कसा ओढला, हे 1928 साली खुद्द बाबासाहेबांनीच आपल्या 'बहिष्कृत भारत' पत्रात लिहून ठेवलं. आपण परदेशात असताना जिने रात्रंदिवस प्रपंचाचा भार वाहिला, आपण परतल्यावरही जिला डोक्यावरून शेणाच्या पाट्या वाहाव्या लागल्या, तिच्यासाठी आपल्याला चोवीस तासांतला अर्धा तासही काढता येत नाही, अशी ती कबुली होती. एवढ्या मोठ्या माणसाने बायकोचं ऋण असं चारचौघांत मान्य करावं, हे त्या काळी सोपं नव्हतं.

आणि पोरं! पाच झाली, जगला एकटा यशवंत. गंगाधर, रमेश, इंदू गेली आणि 1926 साली लाडका राजरत्नही गेला. या दुःखातून ती सावरली, असं आम्ही म्हणणार नाही. ती झिजत गेली.

तिची श्रद्धा तिची होती. उपासतापास करायची. पंढरपूरला जायची तिला फार ओढ होती. पण जिथे आपल्या माणसांना देवळाबाहेर उभं केलं जातं तिथे कशाला जायचं, असं बाबासाहेबांचं म्हणणं पडलं आणि ते राहूनच गेलं. आम्ही बौद्ध झालो म्हणून ही गोष्ट लपवायचं कारण नाही. ती जशी होती तशीच आमची आई आहे.

27 मे 1935 रोजी दीर्घ आजारानंतर राजगृहातच तिने डोळे मिटले. बाबासाहेब कोलमडून गेले. त्याच वर्षी 13 ऑक्टोबरला येवल्याची घोषणा झाली आणि 1956 साली नागपूरला दीक्षा झाली. यातलं काहीच तिने पाहिलं नाही. मात्र ती गेल्यावर पाच-सहा वर्षांनी पाकिस्तानच्या प्रश्नावरचा ग्रंथ आला, तेव्हा बाबासाहेबांनी तो आपल्या रामूच्या स्मृतीला अर्पण केला. तिचं मन, तिचं शील, हलाखीच्या दिवसांत तिने दिलेली साथ, हे सारं त्यांनी त्या अर्पणपत्रिकेत आठवलं.

या स्मरणिकेसाठी आम्ही घरोघरी जुने फोटो मागितले. पुरुषांची नावं सगळ्यांना ठाऊक होती. मागच्या रांगेत पदर घेऊन उभ्या असलेल्या बायांची नावं मात्र कित्येक घरांत कुणालाच सांगता आली नाहीत. त्यांनीही धुणीभांडी केली, पाट्या वाहिल्या, म्हणून आपण शिकलो.

तेव्हा बंधू-भगिनींनो, आज घरी गेल्यावर भिंतीवरचा फोटो खाली काढा. आजीला, मावशीला विचारा आणि फोटोच्या मागे त्या बाईचं नाव लिहून ठेवा. रमाईला तेच खरं अभिवादन होईल.

जय भीम! नमो बुद्धाय!