देवी रोगाचे वैरी डॉ. एडवर्ड जेन्नर

ज्या रोगास आपल्या पूर्वजांनीं भयानें ‘देवी’ म्हटलें, त्याचा उच्छेद ज्यांच्या शोधामुळें झाला, त्या डॉ. जेन्नर ह्यांचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

त्यांचा जन्म इंग्लंडांतील बर्कले गांवीं १७ मे १७४९ रोजीं झाला. पांचव्या वर्षीं ते पोरके झाले. पुढें वैद्यकी शिकून ते गांवींच परतले. गाईच्या आचळांवरील देवी ज्या गवळणीच्या हातास होतात, तिला माणसांच्या देवी येत नाहींत, ही खेड्यांतील समजूत त्यांनीं हंसण्यावारी नेली नाहीं. १४ मे १७९६ रोजीं सारा नेल्म्स ह्या गवळणीच्या हातावरील फोडांतील लस त्यांनीं आपल्या माळ्याच्या आठ वर्षांच्या मुलास, जेम्स फिप्स ह्यास, टोचली. जुलैंत खऱ्या देवीचें विष टोचून पाहिलें. मुलगा सुखरूप राहिला. मुलाच्या जिवावरचा असा प्रयोग आज कोणास करूं देणार नाहींत, आणि तें योग्यच होय. परंतु जेम्सचें ऋण आपण विसरूं नये.

१७९८ सालीं जेन्नर ह्यांनीं आपला शोध ग्रंथरूपानें छापला. लोकांनीं थट्टा केली. ते मात्र गरिबांस फुकट लस टोचीत राहिले.

लस वाटेंत सुकून निकामी होई. म्हणून ती बगदाद-बसऱ्याच्या मार्गानें, एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी, मुंबईकडे आली. १४ जून १८०२ रोजीं ॲना डस्टहॉल ह्या तीन वर्षांच्या मुलीस मुंबईंत ती लागू पडली, व तिच्या दंडावरून इतरांस मिळाली.

जेन्नर २६ जानेवारी १८२३ रोजीं वारले. १९८० सालीं देवी रोग जगांतून नाहींसा झाल्याचें जाहीर झालें. विद्यार्थ्यांनो, आजी-आजोबांच्या दंडावरील वण पाहा. तो ह्या कथेची साक्ष होय.