अष्टूरचा वली : सुलतान अहमदशाह बहमनी

मराठी वाचकाला बेदरचा बादशहा भेटतो तो बहुधा दामाजीपंतांच्या कथेतून. मंगळवेढ्याची धान्यकोठारे दुष्काळात लुटवली म्हणून दामाजींना बेदरास बोलावले जाते आणि विठ्ठल महाराचा वेष घेऊन त्यांचे देणे फेडतो. भक्तिकथेतल्या त्या बादशहाची ऐतिहासिक ओळख पटवण्याच्या भरीस पडण्यात अर्थ नाही. परंतु ज्याने बीदरला राजधानीचे भाग्य दिले आणि ज्याने दुष्काळात स्वतः सरकारी कोठारे उघडली असे इतिहासग्रंथ सांगतात, तो सुलतान अहमदशाह आपल्या सीमाभागातील वाचकाला नीट माहीत असावा, असे वाटते. त्याची कबर ठाणाकुशनूरहून एका दिवसात जाऊन यावे इतकी जवळ आहे.

अहमद हा गुलबर्ग्याच्या फिरोजशाह बहमनीचा धाकटा भाऊ. फिरोजशाहाने 1397 पासून पंचवीस वर्षे राज्य केले. तो अनेक भाषा जाणणारा, खगोलशास्त्राची आवड असलेला राजा होता आणि अहमद त्याचा भरवशाचा सेनापती होता. दोघा भावांत बिघाड झाला तो वारसाच्या प्रश्नावरून. पानगलच्या मोहिमेत विजयनगरकडून पराभव पत्करावा लागल्यावर फिरोजशाह खचला होता. आपला पुत्र हसनखान गादीवर यावा, ही त्याची इच्छा होती. त्या सुमारास दिल्लीहून आलेले सूफी संत ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज गुलबर्ग्यात राहत होते. पंडित सुलतानाचे त्यांच्याशी पटले नाही. अहमद मात्र त्यांच्या दर्शनाला नित्य जात असे. राज्य अहमदच्या नशिबी आहे, असा बंदेनवाजांचा कौल पडला आणि दरबारात खळबळ उडाली.

भावाचे डोळे काढण्याचा बेत शिजत असल्याचा सुगावा लागताच अहमद राजधानीतून निसटला. त्याला साथ दिली ती खलफ हसन नावाच्या बसऱ्याच्या व्यापाऱ्याने. पुढची हकीकत फरिश्त्याने मोठ्या रंगतीने सांगितली आहे. अहमदजवळ फौज थोडी होती. खलफ हसनने वाटेत भेटलेल्या वंजारी तांड्याचे बैल मिळवले, त्यांवर माणसे बसवली, हाती निशाणे दिली आणि दूर उभे केले. सुलतानाच्या सैन्याला ती ताज्या दमाची कुमक वाटली व त्याची फळी मोडली. वंजाऱ्यांच्या बैलांनी दख्खनचे तख्त फिरवल्याची ही कथा या मुलखाला शोभणारीच आहे! आजारी फिरोजशाहाने हार मानून 1422 मध्ये भावाच्या हाती राज्य दिले. थोड्याच दिवसांत तो वारला. तो मृत्यू नैसर्गिक होता की घडवून आणलेला, याविषयी जुन्या इतिहासकारांत एकवाक्यता नाही, आणि ती शंका अहमदच्या नावाला कायमची चिकटली आहे. त्याच वर्षी बंदेनवाजही निवर्तले.

राज्यारोहणानंतर लगेच त्याने विजयनगरवर स्वारी केली. या स्वारीचे वर्णन वाचताना मन विषण्ण होते. मेलेल्यांचा आकडा वीस हजारांवर गेला की सुलतान तीन दिवस मुक्काम करून आनंदोत्सव करी, असे फरिश्ता लिहितो. जुन्या तवारीखकारांना आकडे फुगवण्याची सवय असे, हे मान्य केले तरी गावेच्या गावे उजाड झाली, देवळे पाडली गेली आणि स्त्रिया-मुले गुलाम झाली, यात शंका घेण्याचे कारण नाही.

आणि याच स्वारीच्या पाठोपाठ दख्खनवर अवर्षण आले. सुलतानाने कोठारे उघडून गरिबांना धान्य वाटले. दुसऱ्या वर्षीही आभाळ कोरडे राहिले, तेव्हा लोक या संकटाचा दोष राजाच्याच माथी मारू लागले. तो एका टेकडीवर गेला आणि जमिनीवर मस्तक टेकून त्याने पावसासाठी करुणा भाकली. पाऊस आला, भिजत भिजतच सुलतान परतला आणि प्रजेने त्याला वली, म्हणजे ईश्वराचा सखा, म्हटले. तलवार गाजवणाऱ्या राजाला संतपद मिळाले ते पावसाने. शेतकऱ्याच्या मुलखात याचे नवल वाटू नये. पण त्याने आधी काय केले होते, हेही विसरता येत नाही.

पुढे 1424-25 मध्ये वारंगळचे राज्य जिंकून त्याने तेलंगणाचा मोठा भाग घेतला. खेर्ल्याच्या प्रश्नावरून माळव्याच्या होशंगशाहाशी युद्ध झाले. त्यात होशंगशाहाच्या घरच्या स्त्रिया हाती लागल्या असता अहमदशाहाने त्यांना सन्मानाने परत पाठवले. गुजरातेशी माहीमसाठी झालेल्या झगड्यात मात्र त्याला अपयश आले.

त्याची सर्वांत टिकाऊ कृती म्हणजे बीदर. गुलबर्गा सोडून त्याने इकडे राजधानी आणली आणि जुन्या किल्ल्याच्या जागी 1432 च्या सुमारास नवा कोट पुरा केला. शिकारी कुत्र्यांवर उलटलेल्या कोल्ह्याची दंतकथा या निवडीमागे सांगतात. तशी दंतकथा पुष्कळ शहरांना असते. खरी कारणे जमिनीवर दिसतात. बीदरचे पठार उंच, हवा निरोगी, जांभा दगड खोदायला सोपा. त्याच दगडात किल्ल्याचा तिहेरी खंदक कोरून काढला आहे. शिवाय मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही मुलखांचा सांधा इथेच पडतो. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत जो बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला, तो पाच शतकांपूर्वी नेमका या सांध्यासाठी निवडलेला होता.

पूर्वीच्या बहमनी राजांपैकी मुहंमदशाहाने कैरोच्या अब्बासी खलिफाकडून राज्याची मान्यता मिळवली होती. अहमदशाहाने आधार शोधला तो सूफींचा. बंदेनवाजांच्या पश्चात त्याने इराणातील किरमानजवळ राहणाऱ्या शाह नियामतुल्लांकडे निमंत्रण धाडले. ते स्वतः आले नाहीत. त्यांनी शिष्यांकरवी मुकुट पाठवला आणि पुढे नातू नूरुल्ला आला. सुलतानाने त्याला राजकन्या दिली व दरबारात बंदेनवाजांच्या वंशजांहूनही वरचे स्थान दिले. इराण, इराक, खुरासान येथून विद्वान, कवी, शिपाई बीदरला येऊ लागले. आझरी हा कवी त्यांतलाच. बहमनी घराण्याचे काव्य लिहून तो मायदेशी परतला. या परदेशी मंडळींमुळे बीदरला वैभव आले हे खरे, पण त्याबरोबर दख्खनी आणि आफाकी ही दुही रुजली. पुढे महमूद गवानासारखा मोहरा 1481 मध्ये तिच्यापायीच बळी गेला. आपल्या आवडत्या माणसांना झुकते माप देणाऱ्या अहमदशाहाकडे या दुहीचा पहिला दोष जातो, असे माझे मत आहे.

1436 मध्ये तो वारला आणि पुत्र अलाउद्दीन गादीवर आला. बीदरच्या पूर्वेस अष्टूर येथे त्याची कबर आहे. बाहेरून इमारत साधी, भक्कम. आत शिरल्यावर डोळे अंधाराला सरावले, की घुमटाच्या पोटातील सोनेरी, शेंदरी, निळे रंग आणि वळणदार अक्षरांच्या ओळी दिसू लागतात. शाह नियामतुल्लांची काव्ये आणि सूफी गुरुपरंपरा तिथे लिहिलेल्या आहेत. शेजारीच हुमायूनच्या कबरीचा वीज पडून दुभंगलेला घुमट आहे. तिकडे प्रवाशांचे लक्ष आधी जाते. दर्ग्याची वर्दळ मात्र अहमदशाहाकडे असते.

दरवर्षी होळीनंतर इथे उरूस भरतो, तो चांद्र हिजरी महिन्यांप्रमाणे नव्हे, तर आपल्या पंचांगाप्रमाणे. मुसलमानांना तो सुलतान वली. लिंगायत भाविक त्यालाच अल्लमप्रभूंचा अवतार मानतात. आळंद भागातील माड्याळहून जंगम आपल्या अनुयायांसह पायी येतात. शंख वाजतो, नारळ फुटतात, कबरीवर फुले वाहिली जातात आणि मग फातेहा पढला जातो. आवारात भाविकांच्या चुली पेटतात. ज्याच्या फौजेने विजयनगरच्या मुलखात देवळे पाडली, त्याच्या कबरीपुढे शंख फुंकला जातो, हे पाहताना इतिहास वाचलेला माणूस क्षणभर थबकतो. भोवतीची गर्दी थबकत नाही. आजूबाजूच्या गावांतून आलेली ती माणसे फुले वाहतात आणि सावली धरून जेवायला बसतात.