कागदावर वाळावी, पेनात नव्हे!

नांदेड-लातूर परिसरात फेब्रुवारी उजाडला, की दहावी-बारावीच्या परीक्षांची लगबग सुरू होते. ‘लातूर पॅटर्न’मुळे राज्यभर नाव झालेल्या या भागात सरावाच्या वह्यांबरोबर संपलेल्या रिफिलींचेही ढीग साचतात. त्यातच कांडी अर्धी भरलेली असूनही कागदावर साधी रेघ न ओढणारे एखादे बॉलपेन हमखास निघते. मग ते तळहातांत घोळायचे, टोकाला तोंडाची वाफ द्यायची, चपलेच्या रबरी तळव्यावर गिरवायचे, असे उपाय सुरू होतात. शाई आहे, पण ती उतरत नाही, याच कोड्यापायी एका हंगेरियन पत्रकाराने उमेदीची वर्षे खर्ची घातली. त्यांचे नाव लास्लो बिरो.

बुडापेस्ट येथे २९ सप्टेंबर १८९९ रोजी एका ज्यू कुटुंबात बिरो यांचा जन्म झाला. वडील दंतवैद्य होते. लास्लो यांनी वैद्यकीय शिक्षणाची वाट धरली. पण ती अर्ध्यावरच सोडली. संमोहनाचे प्रयोग, विमा व्यवसाय अशी मुशाफिरी करीत ते अखेर पत्रकारितेत स्थिरावले. मोटारीसाठी स्वयंचलित गिअरची रचना करण्याचाही उद्योग त्यांनी केला होता.

पत्रकार म्हटल्यावर लेखणी आलीच. त्या काळच्या फाउंटन पेनने बिरो हैराण होत. शाई वारंवार भरावी लागे, ती कागदावर पसरे, टीपकागद हाताशी नसेल तर लिहिलेला मजकूर फराटे उठून खराब होई. छापखान्यात मात्र वर्तमानपत्राची शाई पाहता पाहता वाळत असे. हीच शाई पेनात का भरू नये, हा विचार त्यांच्या मनाने घेतला. प्रयोग केल्यावर अडचण लक्षात आली. छपाईची शाई इतकी दाट, की ती निबातून खाली उतरेचना.

तेव्हा निबच काढून टाकण्याचे त्यांनी ठरविले. टोकाशी एक इवलीशी गोळी बसवायची, ती खोबणीत फिरत राहील, आतली शाई अंगावर घेईल आणि कागदावर उतरवील, अशी ही योजना होती. कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. अमेरिकेत जॉन लाउड यांनी १८८८ मध्येच अशा पेनचे पेटंट घेतले होते. परंतु शाई पातळ असेल तर गळे, दाट असेल तर अडकून बसे. या दोन टोकांमधली शाई कोणालाच साधली नव्हती. रसायनांची जाण असलेला भाऊ ग्यॉर्गी बिरो यांच्या मदतीला आला. कागदावर चटकन वाळणारी, पण कांडीत प्रवाही राहणारी शाई शोधण्याचा खटाटोप सुरू झाला. १९३८ मध्ये बिरो यांनी पेटंट घेतले.

त्याच वर्षी हंगेरीत ज्यूविरोधी कायदे सुरू झाले. पेनपेक्षा प्राणांचा प्रश्न मोठा होता. बिरो यांनी मायदेश सोडून पॅरिस गाठले. योगायोगाने अर्जेंटिनाचे माजी अध्यक्ष अगुस्तिन हुस्तो यांच्याशी झालेली ओळख कामी आली आणि युद्धाच्या धामधुमीत त्यांना अर्जेंटिनात आसरा मिळाला. तेथे १० जून १९४३ रोजी त्यांनी नवे पेटंट दाखल केले. भागीदार हुआन होर्हे मेयने आणि बिरो यांच्या आडनावांतून ‘बिरोमे’ हे नाव जन्मले. अर्जेंटिनात आजही बॉलपेनला याच नावाने ओळखतात.

युद्धानेच या पेनला पहिले मोठे गिऱ्हाईकही दिले. उंचावर हवेचा दाब कमी झाला, की वैमानिकांचे फाउंटन पेन गळत. त्यामुळे ब्रिटिश हवाई दलाने बॉलपेनचा स्वीकार केला. २९ ऑक्टोबर १९४५ रोजी न्यूयॉर्कच्या गिंबल्स दुकानात मिल्टन रेनॉल्ड्स यांनी साडेबारा डॉलरला विकायला ठेवलेल्या बॉलपेनसाठी ग्राहकांची झुंबड उडाली. हे पेन मात्र बिरो यांचे नव्हते. त्यांच्या पेनवरून स्फूर्ती घेऊन पेटंटला वळसा घातलेले होते. ते गळे, मध्येच अडे. पुढे फ्रान्सचे मार्सेल बिक यांनी बिरो यांच्याकडून हक्क घेऊन १९५० मध्ये स्वस्त आणि भरवशाचे पेन बाजारात आणले. बॉलपेन शाळकरी पोरांच्या खिशात गेले. मोठा नफा इतरांच्या पदरात पडला. बिरो यांनी अखेरपर्यंत नवे शोध लावणे आणि चित्रे रंगविणे सोडले नाही. २४ ऑक्टोबर १९८५ रोजी ब्युनॉस आयर्स येथे त्यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिवस अर्जेंटिनात संशोधक दिन म्हणून पाळला जातो.

अडलेले पेन सुरू करण्याचे घरगुती उपाय बिरो यांच्याच तत्त्वावर चालतात. पेन बरेच दिवस पडून राहिले, की गोळीभोवतीच्या शाईचा पातळ थर सुकतो आणि गोळी खोबणीत रुतते. तळहातांची ऊब किंवा कोमट पाण्यात क्षणभर बुडविलेले टोक शाईला पुन्हा प्रवाही करते. रबरावर किंवा खरखरीत कागदावर गिरविल्याने गोळी फिरू लागते. कांडीत हवेचा बुडबुडा शिरला असेल तर टोक खाली करून झटका द्यावा. काडी पेटवून टोकाला धरणे मात्र टाळावे. त्याने प्लॅस्टिक वितळते आणि शाई अंगावर उडते. पेन टोपण लावून, टोक खाली करून ठेवले तर हा खटाटोप सहसा करावाच लागत नाही.

एवढे करूनही रेघ उमटली नाही, तर समजावे की रिफिलच निकामी झाली आहे. पण पहिल्या दोन-चार गिरक्यांनंतर निळी रेघ उमटते, तेव्हा घर-दार सोडून परमुलखात आसरा शोधणाऱ्या एका पत्रकाराची चिकाटीच कागदावर उतरलेली असते.