विश्लेषण : बिहारच्या भूकंपाचा पै-पैचा हिशेब ठेवणारे मगनवाडीचे कुमारप्पा कोण होते?

भूकंपानंतर घरे उभारायची असोत की भूकंपाआधी जुन्या इमारती मजबूत करायच्या असोत, पैसा कुठून आला आणि कुठे गेला, हा प्रश्न येतोच. बिहारमध्ये १९३४ साली ही जबाबदारी जे. सी. कुमारप्पांवर होती. पुढे वर्ध्याची मगनवाडी हीच त्यांची ओळख झाली.

सुरुवात कशी झाली?

४ जानेवारी १८९२ रोजी तंजावरच्या ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लंडनमध्ये ते हिशेब तपासनीस झाले, तर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक वित्त हा विषय अभ्यासला. १९२९ मध्ये गांधीजींची भेट झाली आणि साहेबी पोशाख सुटून अंगावर खादी आली.

बिहारमध्ये काय केले?

१५ जानेवारी १९३४ च्या भूकंपात बिहार व नेपाळमध्ये दहा हजारांहून अधिक माणसे गेली. राजेंद्र प्रसाद यांच्या मदत समितीकडे देशभरातून पैसा येऊ लागला. जमनालाल बजाज तिथे होतेच, कुमारप्पा आर्थिक सल्लागार म्हणून गेले. स्वयंसेवकांचा रोजचा खर्च त्यांनी ठरवून दिला. गांधीजींच्या सोबतच्या मंडळींचा जादा खर्चही निधीतून द्यायला त्यांनी नकार दिला. हिशेबाच्या घाईत असताना खुद्द गांधीजींनाही त्यांनी वेळ दिली नाही. गांधीजींनी ते मानले.

वर्ध्याशी नाते काय?

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. बजाज यांनी दिलेल्या बागेत, म्हणजे मगनवाडीत, कुमारप्पांनी तो उभा केला. तिथे घाणीचे तेल, हातकागद, गूळ, मधमाशीपालन यांवर काम चाले. निसर्गाचे भांडवल खाऊन टाकणारी व्यवस्था टिकत नाही, असे ते मांडत. ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हे पुस्तक त्यांनी तुरुंगात लिहिले. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या स्मृतिदिनीच, त्यांचे निधन झाले.

आज याचा संबंध काय?

भूकंपाच्या २०१६ च्या नकाशात वर्धा सर्वांत कमी धोक्याच्या झोन २ मध्ये आहे. पण १९९३ पूर्वी किल्लारीही सर्वांत खालच्या झोनमध्येच होते. जुन्या आरसीसी इमारतीत सळया गंजतात, काँक्रीट सुटते. अशा कॉलमभोवती नव्या सळया, जवळजवळ रिंगा आणि काँक्रीट घालून जॅकेटिंग करता येते. त्याआधी स्ट्रक्चरल ऑडिट लागते. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी, त्याहून जुनीचे दर तीन वर्षांनी.

खर्चाच्या भीतीने हे ऑडिट पुढे ढकलले जाते. बिहारमध्ये कुमारप्पांकडे हिशेब आला तो घरे पडल्यावर. आपल्याला तो आधीच मांडता येतो.