विद्येचा आश्रयदाता : श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड

आपले खापर हे अक्कलकुवा तालुक्यातील गाव सातपुड्याच्या पायथ्याशी आणि गुजरातच्या सीमेलगत वसलेले आहे. येथील मुलांना महाविद्यालयीन शिक्षणासाठी नंदुरबार, शहादा, धुळे, सुरत किंवा वडोदरे येथे जावे लागते. होतकरू विद्यार्थ्यांस फीपुरते साहाय्य व्हावे, ही इच्छा प्रत्येक ज्ञातिमंडळाच्या सभेत प्रकट होते आणि यथाशक्ती निधीही जमतो. परंतु विद्यार्थ्यास साहाय्य करणे म्हणजे नेमके काय करणे, याचा विचार क्वचितच होतो. या विचारास चालना देईल असे एक थोर चरित्र आपल्या शेजारच्याच भूमीत घडले. ते श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांचे होय.

महाराजांचा जन्म नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात कवळाणे या खेड्यात ११ मार्च १८६३ रोजी झाला. मूळ नाव गोपाळराव. पित्याचे नाव काशीराव. घराणे गायकवाडांचे खरे, परंतु राजवैभवापासून दूर शेतीवर निर्वाह करणारे होते. १८७५ साली इंग्रज सरकारने मल्हारराव गायकवाडांस पदच्युत केले, तेव्हा कैलासवासी खंडेराव महाराजांच्या पत्नी महाराणी जमनाबाई यांनी दत्तक घेण्यासाठी गायकवाड कुळातील मुलांचा शोध करविला. कवळाण्याहून आलेल्या बालकांतून गोपाळरावांची निवड झाली आणि २७ मे १८७५ रोजी ते सयाजीराव या नावाने गादीवर आले. त्या वेळी त्यांचे वय बारा वर्षांचे होते आणि त्यांना अक्षरओळखही नव्हती.

ज्या वयात इतर मुले चार-सहा पुस्तके संपवितात, त्या वयात या बालराजाने मुळाक्षरे गिरविण्यास आरंभ केला. इलियट या इंग्रज शिक्षकाच्या देखरेखीखाली आणि दिवाण सर टी. माधवराव यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांचे अध्ययन झाले. मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी या भाषा त्यांनी थोड्या वर्षांत आत्मसात केल्या. २८ डिसेंबर १८८१ रोजी त्यांच्या हाती राज्यकारभाराची पूर्ण सूत्रे आली. विद्येवाचून गेलेली बालपणाची वर्षे ज्याने स्वतः अनुभवली, त्यास विद्येचे मोल निराळे सांगावे लागत नाही. महाराजांच्या पुढील सर्व कार्याचे मूळ या अनुभवात असावे असे वाटते.

राज्याधिकार हाती येताच त्यांनी अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या मुलांसाठी सरकारी खर्चाने शाळा काढल्या. या शाळांत शिकविण्यास हिंदू शिक्षक मिळेनात, तेव्हा मुसलमान व आर्यसमाजी शिक्षक नेमून त्यांनी त्या चालविल्या. सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली काठेवाडातील अमरेली तालुक्यात सुरू झाला आणि १९०६ साली तो सर्व संस्थानभर लागू झाला. ब्रिटिश हिंदुस्थानात गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली आणलेले अशाच आशयाचे विधेयक फेटाळले गेले, हे लक्षात घेतले म्हणजे महाराजांची दूरदृष्टी ध्यानी येते. १८९० साली कलाभवन स्थापून त्यांनी हस्तव्यवसाय व यंत्रविद्येच्या शिक्षणाची सोय केली, आणि १९१० नंतर गावोगावी सार्वजनिक ग्रंथालये व फिरत्या पेट्या यांचे जाळे विणले.

यांतील एक गोष्ट आपल्या भागास विशेष जवळची आहे. नवापूरच्या पलीकडे असलेले सोनगड हे गायकवाडांचे मूळ ठाणे. त्या डोंगराळ मुलखातील धाणका आदी आदिवासी मुलांसाठी महाराजांनी तेथे राहण्याजेवण्याच्या सोयीसह शाळा काढली. रानातल्या पाड्यावरील मूल रोज कोसभर चालत शाळेत येणार नाही; त्यास शाळेपाशी निवारा व अन्न दिले तरच ते शिकेल, हे त्यांनी ओळखले होते. सातपुड्याच्या कुशीत राहणाऱ्या आपणांस हे तत्त्व समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

उच्च शिक्षणाच्या साहाय्यात महाराजांनी स्वतःच्या संस्थानाची सीमा मानली नाही. पुण्यातील वकील गंगारामभाऊ म्हस्के यांनी १८८३ साली मराठा विद्यार्थ्यांच्या साहाय्यार्थ डेक्कन मराठा एज्युकेशन असोसिएशन ही संस्था काढली. ती एका ज्ञातीच्या उन्नतीसाठी निघालेली, आपल्या मंडळासारखीच संस्था होती. महाराजांचा तिला आश्रय होता. तिच्या शिष्यवृत्तीवर फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्यांत जमखंडीचे विठ्ठल रामजी शिंदे हे एक होत. १८९८ साली ते बी.ए. झाले. पुढे धर्मशास्त्राच्या अध्ययनासाठी १९०१ साली ते ऑक्सफर्डला निघाले, तेव्हा त्यांच्या प्रवासखर्चासही महाराजांनी हातभार लावला. परत आल्यावर शिंदे यांनी संस्थानची नोकरी न धरता १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापिली आणि अस्पृश्यतानिवारणास आयुष्य वाहिले. ज्ञातीच्या निधीतून शिकलेला तरुण ज्ञातीबाहेरच्या दीनदुबळ्यांची सेवा करू लागला. त्या निधीचे याहून मोठे सार्थक कोणते?

दुसरे उदाहरण सर्वविश्रुत आहे, तरी त्याचा उत्तरार्ध वारंवार सांगितला जात नाही. १९०७ साली मॅट्रिक झालेल्या भीमराव रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याची कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी महाराजांकडे शिफारस केली आणि महाविद्यालयीन शिक्षणासाठी त्यास दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळू लागली. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर जून १९१३ मध्ये त्यांच्याशी करार झाला. दरमहा साडेअकरा पौंड याप्रमाणे तीन वर्षे परदेशी शिक्षणाचा खर्च संस्थानने द्यावा आणि परत आल्यावर त्यांनी दहा वर्षे संस्थानची सेवा करावी, असे ठरले. जुलै १९१३ मध्ये आंबेडकर न्यूयॉर्कला पोचले, कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अध्ययन केले आणि १९१६ साली ते लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले.

करारानुसार सप्टेंबर १९१७ मध्ये ते बडोद्यास रुजू झाले. ज्या नगरीच्या खजिन्यातून त्यांच्या विद्येचा खर्च झाला, त्या नगरीत त्यांना राहण्यास खोली मिळेना. हिंदूंच्या खाणावळी त्यांना बंद होत्या. नाव बदलून ते एका पारशी उतारगृहात राहिले. ते उघड होताच लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून घालवून दिले. ओळखीच्या दोन घरांनीही आश्रय नाकारला. कचेरीत शिपाई कागद दुरूनच फेकीत. सरकारी बंगल्यासाठी त्यांनी अर्ज केला होता. त्याचा निर्णय दिवसेंदिवस पुढे ढकलला जात होता. अखेर अवघ्या अकरा दिवसांत, काही तास सार्वजनिक उद्यानात काढून, त्यांनी मुंबईची गाडी धरली.

महाराजांच्या औदार्यात येथे उणे नव्हते. परंतु राजाच्या आज्ञेने खजिना उघडतो, तसा शेजाऱ्याचा दरवाजा उघडत नाही, हे या प्रसंगाने दाखविले. हजारो मैलांवरील परक्या देशात जो विद्यार्थी सन्मानाने राहू शकला, त्यास स्वदेशी छप्पर मिळाले नाही. यात हानी कोणाची झाली? आंबेडकर पुढे लंडनला जाऊन उच्च पदव्या व बॅरिस्टरी संपादून आले, आणि १९४७ साली भारतीय राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. बडोदे संस्थान मात्र आपण स्वतः घडविलेल्या विद्वानाच्या सेवेस मुकले.

महाराजांनी या प्रश्नाकडे पाठ फिरविली नाही, हे सांगणे अवश्य आहे. मार्च १९१८ मध्ये मुंबईत अखिल भारतीय अस्पृश्यतानिवारण परिषद भरली, तिचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. ही परिषद भरविण्यात पुढाकार विठ्ठल रामजी शिंदे यांचा होता. पूर्वी ज्या तरुणाच्या हाती साहाय्य ठेवले, त्याच्याच व्यासपीठावर दात्याने येऊन उभे राहावे, असा हा दुर्मीळ योग होता. पुढे राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या निमित्ताने ग्रामीण जनतेच्या उन्नतीसाठी त्यांनी एक कोटी रुपयांचा निधी वेगळा काढला. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या नावाचे विद्यापीठ १९४९ साली बडोद्यात स्थापन झाले.

अशा राजाचे चरित्र वाचून, आपणांजवळ कोठे संस्थान आहे, असे म्हणून स्वस्थ बसणे सोपे आहे. परंतु खजिन्याने जे साधले नाही, ते साधण्याचे सामर्थ्य सामान्य कुटुंबाच्या अंगी आहे. आपल्या ज्ञातीची घरे नोकरी-व्यापाराच्या निमित्ताने शहरोशहरी विखुरली आहेत. परगावी शिकावयास गेलेल्या खापरच्या मुलास किंवा मुलीस पहिले चार दिवस उतरण्यास जागा देणे, वसतिगृहाचा अर्ज भरून देणे, आजारपणात विचारपूस करणे, परीक्षेच्या फीची मुदत चुकू न देणे, या गोष्टींस मोठा निधी लागत नाही. मुलगा पहिल्याच वर्षी शिक्षण सोडून घरी परततो, तो पुष्कळदा फीच्या अभावी नव्हे, तर त्या परक्या गावी त्याचे असे कोणीच नसल्यामुळे परततो.

आणखी एक विचार नम्रपणे मांडावासा वाटतो. ज्ञातिनिधीचा आरंभ ज्ञातीपासून होणे स्वाभाविक आहे. म्हस्के यांच्या संस्थेचाही तसाच झाला. पण आपल्या गावच्या शाळेत आपल्या मुलांच्या शेजारी बसणारा पाड्यावरचा भिल्ल विद्यार्थी महाविद्यालयाच्या उंबरठ्यापर्यंत पोचला, तर त्यासही आपल्या निधीतून काही वाटा आणि शहरातील आपल्या घरी एक अंथरूण मिळावे. निधीचा हिशेब मंडळाच्या वहीत राहील. दरवाजाचा हिशेब मात्र प्रत्येक कुटुंबाने स्वतःच ठेवावयाचा आहे.