नांगर विकला गेला नाही तेव्हा

गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या आनंद बाजारात मी लिंबू सरबत विकायला ठेवलं होतं. चाळीस पेले केले, खपले अकरा. उरलेलं सरबत घरी नेताना मला रडू आलं. यंदा बाजारात बसायचंच नाही, असं मी ठरवलं होतं. ते ऐकून बाईंनी मला लक्ष्मणराव किर्लोस्करांचं चरित्र वाचायला दिलं. ते वाचून मला काय समजलं ते लिहिते.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. त्यांना चित्रकलेची फार आवड. म्हणून ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला गेले. पण तिथे कळलं की त्यांना रंगांतला फरक नीट ओळखू येत नाही. चित्रकार व्हायचं स्वप्न तिथेच संपलं. मग ते यंत्रांची चित्रं काढायला शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. तिथे त्यांची बढती दुसऱ्याला मिळाली. तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावला भावाबरोबर सायकलींचं दुकान चालवलं.

पुढे त्यांनी कडबा कापायचं यंत्र तयार केलं. १९०३ साली लोखंडी नांगर केला. तोपर्यंत आपल्याकडे शेतकरी लाकडी नांगर वापरत. लोखंडी नांगर जमिनीत खोल जातो, हे लक्ष्मणरावांना ठाऊक होतं. पण लोकांना वाटे, लोखंडाचं विष मातीत उतरेल आणि जमीन नापीक होईल. त्यामुळे नांगर कोणी घेईना. मित्रांनो, पहिला नांगर विकायला त्यांना दोन वर्षं लागली! माझं सरबत तर एकाच दिवशी उरलं होतं.

नांगर खपू लागले तोच दुसरं संकट आलं. कारखान्याची जागा बेळगावच्या नगरपालिकेला गावाच्या वाढीसाठी हवी होती. लक्ष्मणरावांना कारखाना हलवावा लागला. आता यंत्रं कुठे न्यायची? अशा वेळी औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांच्या मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन दिली आणि दहा हजार रुपये कर्ज दिलं. जमीन कसली, नुसता माळ! निवडुंग माजलेला आणि नाग फिरणारे. दुसरा कोणी असता तर परत फिरला असता. लक्ष्मणरावांनी १९१० साली तिथेच कारखाना सुरू केला. सुरुवातीला पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबं राहायला आली. निवडुंग तोडून त्यांनी वस्ती उभी केली. तीच आजची सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी. तिथले पंप आज आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहेत. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव वारले.

हे वाचल्यावर मी आईला विचारलं, त्यांना भीती वाटली नसेल का गं? आई म्हणाली की वाटली असेलच, घरातली माणसं, कामगार, सगळे त्यांच्यावरच अवलंबून होते. मला ते पटलं. भीती वाटली तरी त्यांनी काम थांबवलं नाही. रंग जमले नाहीत तेव्हा ते यंत्रांकडे वळले. जागा गेली तेव्हा माळावर गेले. नांगर खपला नाही म्हणून तो वाईट होता असं नव्हे. लोकांना त्याची खात्री पटायला वेळ लागला.

मग मी माझ्या सरबताचा विचार केला. सरबत चांगलं होतं. पण बाजार जानेवारीत, सकाळी आठ वाजता! कुडकुडत थंड सरबत कोण पिणार? चूक माझ्या लक्षात आली तशी भीती निम्मी कमी झाली.

यंदा मी बाजारात बसणार आहे. गरम गरम उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा आणणार आहे. थोड्याच आणीन, म्हणजे उरल्या तरी घरी सगळे मिळून खाऊ. बालमित्रांनो आणि पालकहो, तुम्ही जरूर या. आणि कुणाच्या मनात काही नवीन करायचं असेल, तर त्यांनी एकदा लक्ष्मणरावांची ती दोन वर्षं आठवावीत.