बेस, मिड की टॉप? गाड्यांची ही शिडी बांधणारा इंजिनिअर



गेल्या वर्षी बाबांसाठी गाडी बघायला गेलो होतो. मॉडेल एकच, इंजिन एकच, पण व्हेरिएंट पाच. बेसला साधी चाकं, मधल्याला टचस्क्रीन, टॉपला सनरूफ आणि सहा एअरबॅग. फोनचंही तेच चालतं: साधा, प्लस, प्रो. ही पद्धत आली कुठून, हे शोधत मी शंभर वर्षं मागे अमेरिकेत पोहोचलो. तिथे भेटला आल्फ्रेड स्लोन.

बेअरिंगवाला स्लोन

स्लोनचा जन्म १८७५ चा, कनेक्टिकटमधल्या न्यू हेवन शहरातला. १८९५ मध्ये एमआयटीतून इलेक्ट्रिकल इंजिनिअर होऊन तो हयात रोलर बेअरिंग नावाच्या छोट्या, अडचणीतल्या कंपनीत लागला. मोटार कंपन्यांना बेअरिंग विकता विकता तो त्या धंद्यात मुरला. १९१६ मध्ये ही कंपनी जनरल मोटर्सच्या विल्यम ड्युरंटने घेतली, आणि १९२३ मध्ये स्लोन थेट जनरल मोटर्सचा अध्यक्ष झाला.

समोर होता हेन्री फोर्ड. त्याचं मॉडेल टी स्वस्त, दणकट आणि १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात मिळणारं. १९२१ मध्ये अमेरिकेत विकल्या गेलेल्या मोटारींपैकी निम्म्याहून जास्त एकट्या फोर्डच्या होत्या. जनरल मोटर्सकडे ब्रँड बरेच, पण किमती एकमेकांत घुसलेल्या. म्हणजे घरातलीच भावंडं एकमेकांचं गिऱ्हाईक पळवत होती.

एक शिडी, अनेक पायऱ्या

स्लोनने किमतीची शिडी लावली. खाली शेवरोले, मग ओल्ड्समोबिल, ब्युइक आणि सगळ्यात वर कॅडिलॅक. पगार वाढला की माणसाने पुढची पायरी चढायची, पण कंपनी सोडायची नाही. १९२६ मध्ये शेवरोलेच्या वर पॉन्टियाक आली. तिच्या बॉडीचे बरेच भाग शेवरोलेशी सामाईक होते, पण इंजिन सहा सिलिंडरचं. शेवरोलेला तेव्हा चारच. आमच्या भाषेत सांगायचं तर कोडबेस एक, काही फीचर वरच्या प्लॅनला चालू.

मग प्रत्येक पायरीच्या आतही पायऱ्या पडल्या. १९३७ च्या शेवरोलेचंच बघा. मास्टर आणि मास्टर डीलक्स, दोन्हींचं इंजिन एकच. पण मास्टरला पुढे सरळ अ‍ॅक्सल, तर डीलक्सला दोन्ही चाकांचं सस्पेन्शन वेगवेगळं. खड्डा एका चाकाखाली आला तर धक्का दुसऱ्याला कमी लागायचा. दुसरा वायपर, दुसरा टेललाइट हे लाडही डीलक्सचे. जुन्या गाड्यांचे शौकीन आजही आधी टेललाइट मोजतात, नावाची पट्टी नंतर वाचतात. पट्टी बदलता येते, पण अख्खं सस्पेन्शन बदलणं सोपं नाही.

ही शिडी आपल्याकडेही आली. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला कारखाना काढला आणि तिथे शेवरोले गाड्या जोडल्या जाऊ लागल्या.

काचेची गोष्ट

इथवर मला स्लोन भारी वाटत होता. मग काचेची गोष्ट वाचली.

तेव्हाची साधी काच अपघातात फुटली की तिचे सुऱ्यासारखे तुकडे तोंडावर यायचे. सेफ्टी ग्लासमध्ये दोन काचांच्या मध्ये पारदर्शक थर असतो, तो तुकडे धरून ठेवतो. फोर्डने १९२८ च्या मॉडेल एला पुढची काच तशीच दिली. स्लोनने १९२९ मध्ये काच बनवण्यात रस असलेल्या ड्यू पॉन्ट कंपनीच्या प्रमुखाशी पत्रव्यवहार केला. कॅडिलॅकला ही काच द्यायला तो तयार होता, पण शेवरोलेला नको म्हणाला. कारण काय, तर खर्च वाढेल आणि नफा घटेल. पुढे तीसच्या दशकात अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी कायद्यानेच ती काच सक्तीची केली.

स्लोन १९५६ पर्यंत कंपनीच्या संचालक मंडळाचा अध्यक्ष होता. न्यूयॉर्कमधल्या मोठ्या कॅन्सर संशोधन संस्थेला त्याने पैसा दिला, तिला त्याचं नाव आहे. १९६६ मध्ये, नव्वदाव्या वर्षी तो गेला. त्याची शिडी मात्र आपल्या खिशातल्या फोनपर्यंत पोहोचली.

मला शिडीचा राग नाही. कमी पैशात गाडी मिळते ती तिच्यामुळेच. फक्त कुठली वस्तू कुठल्या पायरीवर ठेवली आहे, ते नीट बघायला हवं. म्हणून व्हेरिएंटचं नाव बाजूला ठेवा आणि यादी दोन रकान्यांत मांडा: एकीकडे हौस, दुसरीकडे जीव. रंग, स्क्रीन, सनरूफ पहिल्या रकान्यात. ब्रेक, एअरबॅग दुसऱ्यात. फोनमध्ये सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार, हेही दुसऱ्यातच.

आम्ही तसंच केलं. एक साइज लहान गाडी घेतली, पण तिच्या बेसलाच सहा एअरबॅग आहेत. बाबा मात्र अजून अधूनमधून सनरूफची आठवण काढतात.